संदर्भाचं झाड

सकाळी कामावर निघण्यापूर्वी ती अंगणातल्या अंजिराच्या तीन पानांना चिमटे लावायची. चिमटे पांढरे, प्लॅस्टिकचे, कोटाच्या बटणाएवढे. पानाचा तेवढा तुकडा त्यांच्या आत अंधारात राहतो. असा अर्धा तास मिळाला की पान हातातली सगळी कामं खाली ठेवून स्वस्थ बसतं. मग चिमट्याची खिडकी सरकवून त्यावर प्रखर उजेडाचा एक झटका द्यायचा. त्यातला बराचसा उजेड पान अन्न तयार करायला घेतं, थोड्याची उष्णता होते आणि अगदी थोडा, डोळ्यांना न दिसणारा तांबूस उजेड परत येतो. यंत्र हा परत आलेला उजेड मोजतं. झाडाला त्रास सुरू झाला की पान पिवळं पडण्याच्या कितीतरी आधी ही वाटणी बिघडते.

शहराच्या वृक्ष विभागात तिची नोकरी होती. रस्त्याकडेच्या झाडांची प्रकृती तपासायची आणि त्यांचे आकडे वर पाठवायचे. आता ही झाडं ताडून बघायला एक निरोगी झाड लागतं, रोज हाताशी असलेलं, कुणी मनात येईल तेव्हा छाटणार नाही असं. कचेरीच्या आवारात तर सगळी फरशीच. म्हणून तिने घरचं अंजीर सुचवलं होतं. झाडांच्या जाती वेगळ्या असल्या तरी या मापात फारसा फरक पडत नाही. निरोगी पान अंजिराचं असो की गुलाबाचं, आकडा जवळपास तोच येतो. सकाळी अंजिराचं माप दिलं की यंत्र ते शंभर धरायचं आणि दिवसभर भेटणाऱ्या प्रत्येक झाडाला त्या शंभरातले गुण द्यायचं. नव्वदच्या खाली गेलं की झाड आजारी.

बाबांना या गोष्टीचा फार अभिमान होता. ते घड्याळं दुरुस्त करत. घड्याळाच्या पाठीवर नावं कोरायच्या सुईने त्यांनी पत्र्याची एक पट्टी कोरून खोडाला बांधली होती: ‘संदर्भ. हात लावू नये.’

“आपल्याच अंगणातलं झाड, आणि आपणच हात लावायचा नाही,” आत्या म्हणाली. ती पायरीवर बसून चहा पीत होती. “उद्या म्हणशील, आत्या, तूही संदर्भ आहेस, हलू नकोस.”

“ताई, तू तशीही हलतेस कुठे?” बाबा म्हणाले.

“मी हलत नाही म्हणून तुला दोन वेळा जेवायला मिळतं.”

ती हसली आणि चिमटे काढायला उठली. पानं हिरवी होती. यंदा अंजिरं मात्र सुपारीएवढी होऊनच गळत होती. पाखरांनी पाडली असतील, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

“आज कारखाना बंद,” बाबा म्हणाले. कारखाना म्हणजे घराखालचं तळघर, जिथे त्यांचं कामाचं टेबल होतं ते. “पलीकडच्या पेठेत घड्याळ पोचवायचंय. आल्यावर संध्याकाळी बसेन थोडा वेळ. स्क्रू दिव्यावर तापवून निळे करायचे राहिलेत.”

“तो झरोका उघडलात का?”

“उघडीन की.”

गल्लीचा रस्ता खणून काँक्रीटचा केला तेव्हा सिमेंटची धूळ आत येत होती. बाबांनी तळघराचा झरोका चिंध्या आणि फळी ठोकून बंद केला होता. रस्ता केव्हाच पुरा झाला, फळी तशीच राहिली.

“आत ऊब राहते,” बाबा म्हणाले. “आणि हल्ली स्पिरिटही चांगलं मिळतंय. दिव्याची ज्योत बघ एकदा येऊन. पूर्वी नखाएवढी असायची, आता चांगली बोटभर होते. वर निळसर टोपी घातल्यासारखी दिसते. मी आपला बघतच बसतो.”

“हं,” ती म्हणाली. ती तिसऱ्या पानाचं माप घेत होती.

*

कचेरीत साहेब तिची वाटच बघत होते. स्थूल, हसतमुख माणूस. आकड्यांची त्यांना धास्ती वाटायची आणि ती ते विनोदात घालवायचे.

“या. ही कालव्याकाठची झाडं बघा. एकशे अकरा, एकशे बारा, परत एकशे बारा. कुठल्या शिकवणीला जातात ही?”

तिने पडद्याकडे पाहिलं. आकडे तिनेच घेतलेले होते.

“तुमच्या गल्लीतली बघा कशी शहाण्यासारखी आहेत,” साहेब म्हणाले. “नव्व्याण्णव, शंभर, अठ्ठ्याण्णव. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मी म्हणतो, वर लिहून टाकू. कालव्याचं पाणी झाडांना मानवलं. वरच्यांना असं काही वाचायला आवडतं.”

“असं होत नाही, साहेब.”

“का होत नाही?”

“पानाच्या कामाला वरची मर्यादा असते. अगदी ठणठणीत पान पॉइंट त्र्याऐंशीच्या आसपास थांबतं. निरोगी झाडापेक्षा जास्त निरोगी असं काही नसतं.”

“मग यंत्र बिघडलं?”

तिने यंत्र पिशवीतून काढलं आणि शंभरातले गुण दाखवायची सोय बंद केली. ही सोय तिनेच बसवून घेतली होती, वरच्यांना शेकड्यात वाचायची सवय म्हणून. त्यानंतर यंत्राचा मूळ, उघडा आकडा बघायची गरजच कधी पडली नव्हती. कालव्याकाठच्या पहिल्या झाडापुढे आता पॉइंट त्र्याऐंशी आलं. दुसऱ्यापुढेही तेच. मग तिने त्याच दिवसाचं सकाळचं माप उघडलं. अंजीर. पॉइंट चौऱ्याहत्तर.

ती मागे मागे जात राहिली. पंचाहत्तर. सत्त्याहत्तर. रस्ता खणला त्याच्या आधी ब्याऐंशी.

“कालव्याची झाडं चांगली आहेत,” ती म्हणाली. “आजारी आहे ते अंजीर.”

“अंजीर? ते तर रोज शंभर आहे.”

“ते रोज शंभरच असणार. त्याला आपणच शंभर ठरवलंय. बाकी कुठल्याही झाडाला काही झालं तर यंत्र सांगेल, त्या एकाचं कधीच सांगणार नाही.”

साहेबांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे वजनाचं मापच झिजत होतं.”

“हो.”

“मग माप बदला,” ते घाईने म्हणाले. “कालव्याकाठचं एखादं झाड धरा संदर्भाला. आणि एवढ्यात वर बोलू नका कुणाशी. तुमच्या अंजिराला काय झालंय ते आधी बघून या.”

*

ती घरी पोचली तेव्हा बाबा अजून परतले नव्हते. आत्या अंगणात कपडे काढत होती.

“लवकर आलीस?”

“अंजीर आजारी आहे.”

आत्याच्या हातातली चादर तिथेच थांबली. मग ती उगाचच घडी घालू लागली. घडी वाकडी झाली, तिने मोडून परत घातली.

“आत्या, काय केलंस?”

“मी काय करणार? धुण्याचं पाणी ओतते कधीमधी. गटार लांब पडतं. गुडघे दुखतात माझे.”

“साबणाचं?”

“मग बिनसाबणाचं धुऊ का?” आत्या म्हणाली, आणि जरा वेळाने हलकेच, “बापाला नको सांगूस. ती पाटी बांधल्यापासून त्याला वाटतं, आपल्या घरात सरकारी पाहुणा आलाय.”

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. साबणाचं पाणी. मातीत सोडा साठत जातो, मुळांना पाणी ओढता येत नाही. उपाय साधा होता, भरपूर चांगलं पाणी घालून माती धुवायची. ती बागेचा पाइप आणायला कुंपणाच्या भिंतीकडे गेली.

भिंतीच्या कडेला तण उगवायचं. ते काढायचा तिला कंटाळा यायचा, आत्याला वाकवत नसे. आज तिथे उघडी माती दिसत होती. तण कुणी उपटलेलं नव्हतं. ते जागच्या जागी वाळून कागदासारखं आडवं पडलं होतं, आणि फक्त एका पट्ट्यात. दोन्ही बाजूंना हिरवं होतं. हा पट्टा फाटकाकडून भिंतीलगत येत होता, अंजिराखालून जात होता आणि घराच्या कोपऱ्यापाशी संपत होता.

आत्या धुण्याचं पाणी अंजिराच्या बुंध्याशी ओतत होती. फाटकापर्यंत नाही.

तिने पिशवीतून चिमटे काढले, होते नव्हते तेवढे सगळे. फाटकाजवळच्या जाईला लावले, भिंतीवरच्या वेलीला लावले, अंजिराच्या दोन्ही अंगांच्या फांद्यांना लावले, घराच्या कोपऱ्यातल्या जास्वंदीला लावले. मग भिंतीवरून हात घालून शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणालाही एक लावला. आता अर्धा तास थांबायचं. यात घाई करता येत नाही. पानाला अंधार पुरता मिळाला नाही तर ते काहीही सांगतं.

ती पायरीवर बसून राहिली. आत्या कपडे घेऊन आत गेली. गल्लीतून एक गाडी गेली आणि नवीन काँक्रीटवर तिच्या चाकांचा आवाज घट्ट, बंद असा आला. पूर्वी या रस्त्याला भेगा होत्या आणि भेगांत गवत उगवायचं.

तेवढ्यात बाबा आले. काम पसंत पडलं होतं, ते खुशीत होते.

“आज पाहुण्याला एवढे दागिने?” चिमट्यांकडे बघत ते म्हणाले.

“त्याला बरं नाहीये, बाबा.”

“हिनं पाणी ओतलं असणार. मला काय दिसत नाही का? पण बोलायचं कुणी?” ते चपला काढून आत गेले. आतून दोघांची कुरबुर ऐकू आली, मग आत्याचं हसणं.

ती उठली आणि एकेक चिमटा उघडत गेली. जाई, एकाहत्तर. वेल, अडुसष्ट. अंजीर, भिंतीकडची फांदी, सत्तर. अंजीर, घराकडची फांदी, अठ्ठ्याहत्तर. शेजाऱ्यांची मेंदी, जिथे आत्याचं पाणी जायचं काही कारण नव्हतं, सत्तर. जास्वंद घराच्या कोपऱ्यात, तळघराच्या बंद झरोक्याला टेकून उभी होती. तिची पानं जाड, गर्द आणि तकतकीत होती. कुणीही म्हणालं असतं, किती छान झालीय.

बासष्ट.

तिने खुरपं घेतलं आणि जास्वंदीच्या मुळाशी खणलं. वरची माती नेहमीची, तांबूस. वीतभर खाली ती निळसर काळी झाली आणि तिला नासलेल्या अंड्याचा कुबट वास आला. मातीतली हवा गेली की माती अशी होते. मुळं श्वास घेतात, हे लोकांना सांगावं लागतं. हवा जाते ती पाणी साचल्यामुळे. इथे पाणी नव्हतं. मातीचा गोळा हातात भुगा झाला. मग हवेची जागा दुसऱ्याच कशानेतरी घेतली होती.

गल्लीखालून गॅसचा पाइप जात होता. रस्ता करताना त्याला कुणाचा तरी धक्का लागला असेल, एवढंसं काही. पूर्वी तो गॅस भेगांतून वर निघून गेला असता. आता वर जाड झाकण बसलं होतं, म्हणून तो आडवा सरकत होता, मोकळी माती सापडेल तिकडे. गॅसला मुद्दाम घालतात तो वास मातीतून जाताना मातीतच अडकतो, हे तिने शिकताना वाचलं होतं. परीक्षेत एका ओळीचं उत्तर होतं ते. पलीकडे पोचतो तो नुसता गॅस. त्याला वास नसतो, रंग नसतो.

पूर्वीच्या खाणीत कामगार दिवा घेऊन उतरत. ज्योत लांबली आणि तिच्यावर निळी टोपी आली की परत फिरत.

खुरपं टाकून ती धावली.

तळघराचं दार घराच्या मागच्या अंगाला होतं, खाली चार दगडी पायऱ्या. दार उघडं होतं. बाबा आत टेबलापाशी उभे होते. झरोका बंद असल्यामुळे त्यांची नुसती आकृती दिसत होती. एका हातात स्पिरिटचा दिवा, त्याचं झाकण काढलेलं. दुसऱ्या हातात काड्यापेटी. त्यातली काडी त्यांनी निवडून बाजूला काढली होती. ओली काडी त्यांना खपत नसे.

“बाबा, काडी ओढू नका.”

ती ओरडली नव्हती. तिला ओरडता येत नसे. लहानपणी बाबा तिला म्हणायचे, तुझा आवाज घड्याळाच्या आतला आहे, कान लावावा लागतो.

“का गं?”

“आधी वर या. मग सांगते.”

“एवढे दोन स्क्रू करतो आणि...”

“बाबा.” ती पहिल्या पायरीवर उतरली. “दिवा टेबलावर ठेवा. पेटी हातातच राहू द्या. घासू नका, उघडू नका. या.”

 मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी दिवा ठेवला. काडी मात्र बोटांत तशीच होती. ते एकेक पायरी चढून वर आले आणि तिच्याजवळ पोचल्यावर म्हणाले, “आता सांगितलं नाहीस तर मी रागावेन.”

“आत अंधार फार झालाय, थांबा, दिवा लावते,” मागच्या खोलीतून आत्याचा आवाज आला. तळघरातल्या दिव्याचं बटण त्या खोलीत होतं.

“आत्या, नको. कुठल्याच बटणाला हात लावू नकोस. अशीच बाहेर ये.”

“कपडे पसरलेत गं माझे.”

“राहू दे.”

आत्याने तिचा चेहरा पाहिला आणि कपडे तसेच टाकून बाहेर आली. गुडघ्यांचीही तक्रार नाही.

*

फोन तिने फाटकाच्या बाहेर जाऊन, गल्लीच्या टोकाशी उभं राहून केला. गॅसवाला लवकर आला. राखाडी कपडे, दाढीचे खुंट, दिवसाचं काम संपत आल्याचा कंटाळा. अंगणात शिरताना तो नाकाने हुंगत होता.

“वास तर काही नाही.”

“येणार नाही,” ती म्हणाली.

त्याने लोखंडी पहार भिंतीच्या कडेला ठोकून मातीत भोक पाडलं, त्यात मीटरची नळी सोडली आणि आकडा वाचला. मग उठून अंजिराजवळ दुसरं भोक पाडलं. त्यानंतर जास्वंदीजवळ. तिथे मीटर किणकिणायला लागला आणि थांबेना. त्याचा कंटाळा कुठल्या कुठे गेला. तळघराच्या दारातून त्याने नळी आत धरली, आकडा बघितला आणि ती हळूच मागे घेतली.

“इथे कुणी काही पेटवलं नाही ना?”

“नाही,” बाबा म्हणाले. त्यांची काडी अजून बोटांत होती. त्यांनी ती पाहिली आणि जड वस्तू ठेवावी तशी भिंतीवर ठेवली. “काल पेटवलं होतं. परवाही.”

“काल दार उघडं राहिलं असेल.”

“दिवसभर.”

“आणि आज?”

“आज बंद होतं.”

 गॅसवाल्याने त्यांना गल्लीच्या टोकाला जाऊन उभं राहायला सांगितलं, फोनवर कुणाला तरी पाइप बंद करायला सांगितलं आणि पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. “किती वेळ? तोवर काय करू?” असं तो दोनदा म्हणाला.

मग तो तिच्याजवळ आला. “वास नाही, आवाज नाही. तुम्हाला कळलं कसं?”

“पानांवरून.”

“पानं तर हिरवी आहेत सगळी.”

“मोजली. गुदमरलेल्या मुळांच्या झाडाचं पान उजेड वेगळ्या तऱ्हेने परत पाठवतं.”

त्याने गल्लीकडे बघितलं. दोन्ही बाजूंना झाडं होती, हिरवीगार, एका उंचीची, त्यांच्यामागे घरं. “हा पाइप टोकापर्यंत जातो,” तो म्हणाला. “कुठे कुठे भोकं पाडत बसू? तुमची पानं सांगतील का, कुठवर पसरलंय ते?”

“या गल्लीतली झाडं मोजलेली आहेत,” ती म्हणाली. “ती सगळी...”

आणि बोलता बोलता ती थांबली.

सगळी शहाण्यासारखी होती. नव्व्याण्णव, शंभर, अठ्ठ्याण्णव. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. कालव्याकाठी एकशे बारा आले म्हणून साहेबांनी बोलावलं, तिने अंजीर पकडलं, आणि गल्लीतल्या झाडांकडे परत बघितलंच नाही. जी झाडं अंजिराच्या बरोबरीची होती, ती अंजिराइतकीच आजारी होती. त्यांच्यापुढे तिने स्वतःच्या हाताने ‘उत्तम’ लिहिलं होतं.

तिने यंत्र काढलं आणि गल्लीचे उघडे आकडे पडद्यावर आणले. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. बाहत्तर. गॅसवाला तिच्या खांद्यावरून बघत होता. त्याला ते आकडे कळत नव्हते, तरी कळले.

“सगळी?”

“शेवटच्या घरापर्यंत.”

“अगं, दिवेलागण झाली,” आत्या मागून म्हणाली. ती काही सुचवत नव्हती. तिला थंडी वाजत होती आणि घरी जायचं होतं.

लोक कामावरून परतत होते. कुणी कुलूप काढत होतं, कुणी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होतं. गल्लीच्या मध्यावर एका जिन्यात दिवा लागला. काही झालं नाही. त्याच्या शेजारच्या घराच्या माजघरात लागला. काही झालं नाही. गॅसवाला एका बाजूला धावला. बाबा काही न विचारता दुसऱ्या बाजूच्या पहिल्या घराकडे वळले, त्या वयात जेवढं भरभर चालता येतं तेवढं चालत.

सगळ्यात वाईट झाड शेवटचं होतं, पॉइंट एकाहत्तर. त्याच्यामागच्या घराचे चारही झरोके जमिनीलगत होते आणि फळ्या ठोकून बंद होते. सिमेंटची धूळ सगळ्यांच्याच घरात आली होती. खिडक्यांत अजून अंधार होता. ती तिथवर धावत गेली. घंटीच्या बटणाकडे गेलेला हात तिने मागे ओढला आणि दारावर मुठीने ठोकलं. परत ठोकलं. आत पावलं वाजली, काहीतरी अडखळून पडलं.

“उघडा,” ती म्हणाली. “फक्त दार उघडा. बाकी कशाला हात लावू नका.”

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कान लावावा लागेल असा.

“कोण आहे? थांबा हं,” आतून एका बाईचा आवाज आला. “काही दिसत नाहीये. आधी दिवा लावते.”